चार दिवसांचं पन्हं आणि चार महिन्यांचं पन्हं

वडोदऱ्यातल्या मांजलपूरच्या एका ताईंनी विचारलं आहे: दोन किलो कैऱ्या कुकरला लावल्या, गर काढला, गराइतकाच गूळ घालून ढवळला आणि बाटल्या भरून ओट्यावर ठेवल्या. पाचव्या दिवशी झाकण फिरवताना ‘फस्स’ असा आवाज आला, वर फेस होता. रंग पहिल्या दिवसापासूनच काळपट आणि प्यायल्यावर मागून कडसर चव. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला चाळीसेक जणी येणार आहेत, शिवाय मुलांना सुट्टीभर पन्हं द्यायचं आहे. आईची बरणी फ्रिजशिवाय पावसाळ्यापर्यंत टिकायची, मग माझंच का बिघडतं? आणि पन्ह्याने ऊन बाधत नाही, हे खरं का?

ताई, मी दांडिया बाजारात घरून सरबतं, गर, मोरंबे करून देते. यंदाचा हा २६वा उन्हाळा. तुमच्यासारखा प्रश्न दर चैत्रात कुणी ना कुणी विचारतंच, आणि बहुतेकींची गफलत एकाच जागी होते. चार दिवसांत संपवायचं पन्हं आणि चार महिने ठेवायचं पन्हं हे दोन वेगळे पदार्थ आहेत. कैरी तीच, गूळही तोच, पण प्रमाण वेगळं, शिजवणं वेगळं आणि कैरी कधीची घ्यायची तेसुद्धा वेगळं. तुम्ही पहिल्या पद्धतीने केलंत आणि दुसऱ्यासारखं ठेवलंत. काळा रंग आणि कडूपणा यांची कारणं मात्र निराळी आहेत, त्यांच्याकडे नंतर येते.

आधी फसफसण्याचं. कैरी इतकी आंबट असते की पोटाला अपाय करणारे बरेचसे जंतू तिच्यात वाढू शकत नाहीत. पण यीस्टला, म्हणजे दारू आणि पाव फुगवणाऱ्या त्या किण्वाला, आंबटपणाचं काहीच वाटत नाही. त्याला साखर हवी आणि पाणी हवं. साखर तर आपणच घालतो. म्हणजे आपल्या हातात उरतं ते त्याला पाणी मिळू न देणं. साखर किंवा गूळ पुरेसा असला की तो गरातलं पाणी स्वतःकडे बांधून ठेवतो आणि किण्वाला ते मिळत नाही. मोरंबा, गुळांबा टिकतात ते याच जोरावर.

हे पुरेसं म्हणजे किती? जॅममध्ये साखर आणि इतर विरघळलेले घटक मिळून साधारण ६५ टक्के असावे लागतात, आणि बाहेर ठेवायच्या गराला मीही तेच माप लावते. आता तुमच्या गराचा हिशोब करू. उकडलेल्या कैरीचा गर एक किलो घेतला तर त्यात बहुतांश पाणीच असतं, विरघळलेला अंश फार तर शंभर ग्रॅम. त्यात एक किलो साखर घातली तर दोन किलोत अकराशे ग्रॅम झाले, म्हणजे ५५ टक्के. गुळात त्याचं स्वतःचं थोडं पाणी असतं, म्हणून गुळाने ते आणखी खाली येतं. त्या घट्टपणात किण्व आरामात जगतं, वडोदऱ्याच्या एप्रिलमध्ये ओट्यावर तर विचारूच नका. गराच्या दुप्पट गूळ घातला तर हिशोब ६५च्या आसपास जातो, आणि वर दहा मिनिटं शिजवून थोडं पाणी उडवलं की तो बरोबर पलीकडे पोचतो. ‘गराच्या दुप्पट गूळ’ हे आपल्या आज्यांचं माप अगदी चोख होतं. तुमच्या आईंची बरणीही बहुधा याच मापाची असणार. त्या पेल्यात किती गर घालायच्या ते आठवून बघा. दोन चमच्यांच्या वर नसेल, कारण गोडी दाट होती.

हे मी स्वतःचं नुकसान करून शिकले. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एका लग्नघरची साठ बाटल्यांची मागणी होती. लोक हल्ली गोड कमी खातात, असा विचार करून मी गूळ एकास सव्वा घेतला आणि बाटल्या आठ दिवस आधी भरून ठेवल्या. सहाव्या दिवशी पहाटे कपाटात तीन बाटल्या फुटल्या. आंबताना वायू तयार होतो, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत त्याला वाट मिळत नाही. घरात लहान मूल होतं, सुदैवाने कुणी जवळ नव्हतं. उरलेल्या सगळ्या मी मोरीत ओतल्या आणि दोन रात्री जागून पुन्हा केलं. म्हणून तुम्हालाही कळकळीने सांगते, त्या बाटल्यांची झाकणं आजच, तोंड दुसरीकडे करून, वर फडकं धरून हळूच सैल करा आणि गर टाकून द्या. पुन्हा उकळला की चालेल, असं कुणी सांगेल, ते ऐकू नका. उकळल्याने किण्व मरतं, पण बिघडलेली चव परत येत नाही. वर पांढरा पापुद्रा आला असेल तर तेवढाच काढून खालचं वापरणंही नको.

आता कैरी. चैत्राच्या सुरुवातीला खंडेराव मार्केटात दिसतात त्या कैऱ्या बहुतेक कोवळ्या असतात. सुरी घातली की कोयीसकट कापल्या जातात. ही कैरी आंबेडाळीला उत्तम आणि ताज्या पन्ह्यालाही चालते, पण साठवणीला नाही. तिच्यात गर कमी, पाणी जास्त, आणि कोय अजून मऊ असल्यामुळे उकडताना तिचा तुरटपणा गरात उतरतो. तुमच्या पन्ह्यातल्या कडसर चवीचं एक कारण मला इथे दिसतं. साठवणीसाठी वैशाखापर्यंत थांबा. कोय टणक झालेली, गर अजून पांढरा, अशी जून कैरी हवी. आपल्या गुजराती शेजारणी छुंद्याला राजापुरी घेतात ना, तीच घ्या. मोठी, भरपूर गराची, रेषा जवळजवळ नाहीत. एक किलो राजापुरीतून मला सहाशे ग्रॅमच्या आसपास गर मिळतो, लहान गावठी कैरीतून बराच कमी. गावठीला आंबटपणा आणि वास जास्त, तोतापुरी त्या मानाने सौम्य. मी राजापुरीत चौथा हिस्सा गावठी मिसळते. वादळवाऱ्याने पडलेल्या कैऱ्या स्वस्त मिळतात, पण मार लागलेल्या जागी त्या आतून बिघडायला लागलेल्या असतात, तेव्हा साठवणीला त्या नकोतच.

कडूपणाचं दुसरं कारण चीक. देठाजवळ तो भरपूर असतो, कातडीला लागला तर चट्टे उठतात इतका जहाल. कैऱ्या धुऊन देठाकडची चकती कापायची आणि त्या तोंडाने खाली करून पाण्यात तास-दीड तास ठेवायच्या. ते पाणी टाकून द्यायचं, कैऱ्या पुन्हा धुवायच्या आणि पुसून कोरड्या करायच्या. तिसरं कारण म्हणजे सालीला चिकटलेला गर चमच्याने खरवडून खरवडून काढणं. सालीलगतचा हिरवा थर गरात आला की कडसरपणा आलाच. शेवटचा चमचाभर गर सालीला राहू द्या, तो वाया गेला तरी चालेल.

उकडताना कैरीच्या डब्यात पाणी घालू नका. पाणी फक्त कुकरच्या तळाला. वर झाकण ठेवलेला डबा, त्यात अख्ख्या कैऱ्या, मध्यम कैरीला दोन शिट्ट्या पुरतात, मोठ्या राजापुरीला तीन. डब्यात पाणी असलं की कैऱ्या फुटतात, कोयीचा अर्क त्या पाण्यात उतरतो, आणि आपण ते पाणीही गरात मिसळतो. म्हणजे कडूपणाही आला आणि वर सांगितलेला सगळा हिशोबही बिघडला. डब्याच्या तळाशी जे आंबट पाणी सुटतं ते साठवणीच्या गरात घालू नका, त्याच दिवशी आमटीत घाला.

भाजून करायचं असेल तर तेही छान होतं. निखाऱ्यावर किंवा गॅसवर जाळी ठेवून साल काळी होईपर्यंत कैरी फिरवत राहायचं. पाणी उडून जातं, गर घट्ट मिळतो आणि धुराची एक चव येते. ती आवडत असेल तर जिरेपूड, पादेलोण आणि पुदिना घाला, ते गुजराती बाफल्याच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या कैरीच्या सरबताच्या, अंगाने जातं. वेलदोडा-केशराच्या आपल्या पन्ह्यात मला तो धूर आवडत नाही. हा ज्याच्या त्याच्या जिभेचा प्रश्न.

काळ्या रंगाचं नक्की कारण तुमचं स्वयंपाकघर बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण तीन गोष्टी तपासा. लोखंडी विळी, सुरी किंवा कढई लागली का? कैरीतली आम्लं लोखंडाशी आणि लोखंड कैरीतल्या तुरट द्रव्यांशी मिळून काळपट रंग देतात. कैऱ्या उकडायच्या आधी सोलून, फोडी करून ठेवल्या होत्या का? कापलेली कैरी हवेत ठेवली की बटाट्यासारखी तपकिरी पडते, शिजल्यावर ही क्रिया थांबते, म्हणून अख्खी उकडणं बरं. आणि तिसरं, गूळच मुळात काळा होता का? तसं असेल तर घाबरू नका, तो फक्त रंग आहे, चवीत मी त्याला मान देते. अगदी पिवळाधमक गूळ मी टाळते, कारण तो उजळायला रसायन वापरलेलं असू शकतं. आजेसासूबाईंचं पितळी पातेलं काढलं असेल तर आधी आतून कल्हई बघा. कल्हई गेलेल्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो, आणि कळकलेलं पोटात जाता कामा नये. ॲल्युमिनियमही नको. स्टील, काच, चिनी माती, बस्स.

तर साठवणीचा गर असा. उकडलेला गर पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढायचा. मिक्सर चालतो, पण रेषा बारीक होऊन गरातच राहतात आणि बाटलीत वेगळ्या बसतात. गर वजनाने मोजायचा, वाटीने नाही, कारण चिरलेला गूळ वाटीत कधी दाबून बसतो तर कधी पोकळ. गराच्या दुप्पट वजनाचा गूळ. बाजारच्या गुळात काड्या, माती आणि किण्व तिन्ही असतात, म्हणून गूळ आधी अगदी थोड्या पाण्यात विरघळवून, उकळून, फडक्यातून गाळायचा. गाळलेला पाक आटवून एकतारी करायचा आणि मगच त्यात गर घालायचा. लाकडी कालथ्याने तळाला लागू न देता, चांगला रटरटेपर्यंत शिजवायचं आणि त्यापुढे दहा मिनिटं. ताटलीत थेंब टाकून बघा, थेंबाभोवती पाण्याची कडा सुटली तर अजून थोडं आटवायचं. माझ्याकडे आता साखरेचं प्रमाण दाखवणारा हातातला रिफ्रॅक्टोमीटर आहे, पण पहिली दहा वर्षं मी या ताटलीवरच सगळं ओळखलं. उकळून पूर्ण वाळवलेल्या कोमट बाटल्यांत गर कढतच भरायचा आणि झाकण लगेच लावायचं. वेलदोडा देताना घालायचा, आधी घातलेला वास चार महिने टिकत नाही. ओला चमचा बाटलीत गेला की आधीचं सगळं केलेलं फुकट. उघडलेली बाटली फ्रिजमध्येच ठेवा.

साखरेने केलं तर रंग उजळ येतो, टिकण्याची खात्री थोडी जास्त, आणि चव जरा पोकळ. मी गिऱ्हाइकाला विचारून करते. घरी मात्र गूळच.

या साठवणीच्या पन्ह्याची एक उणीव आधीच सांगते. पेल्याला गोडी पुरेल एवढा गर घातला की कैरी कमी पडते, कारण गरात दोन भाग गूळ आणि एकच भाग कैरी. म्हणून देताना पेल्यात अर्धं लिंबू पिळायचं किंवा त्या दिवशीची ताजी उकडलेली कैरी चमचाभर मिसळायची. आणि म्हणूनच मुलांसाठी माझा सल्ला वेगळा आहे. ज्यांच्या फ्रिजला चांगला फ्रीझर आहे त्यांनी बाहेरच्या बरणीचा हट्ट धरू नये. गूळ न घालता नुसता गर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, वड्या झाल्या की पिशवीत बांधून ठेवा. एका पेल्याला एक मोठी वडी, दोन मोठे चमचे गूळ, चिमूट मीठ. गोडी दर वेळी आपल्या हातात राहते, मधुमेह असलेल्या आजोबांना गुळाशिवाय मीठ-जिरं घालून देता येतं, आणि चव ताज्याच्या जवळ जाते. बरणी ही फ्रिज नसलेल्या घराची सोय होती. ती आजही सुंदर लागते, पण गरज नसताना दुप्पट गूळ मुलांच्या पोटात कशाला?

थोडक्यात, आतापर्यंत तीन वाटा झाल्या: बाहेर ठेवायचं तर दुप्पट गूळ आणि जून कैरी, सुट्टीभर द्यायचं तर बिनगुळाचा गोठवलेला गर, आणि हळदीकुंकवाला ताजं.

त्या ताज्याचं प्रमाण देते. चाळीस जणींना दीडशे मिलिलिटरचे पेले म्हणजे सहा लिटर, पण चैत्रात बऱ्याच जणी दुसरा पेला मागतात, म्हणून आठ लिटर धरा. पावणेदोन किलो कैरी, म्हणजे साधारण एक किलो गर, एक किलो गूळ, तीन सपाट चहाचे चमचे मीठ, दहा-बारा वेलदोड्यांची पूड, कोमट पाण्यात भिजवलेलं केशर हौसेप्रमाणे, आणि सहा लिटरच्या वर थोडं पाणी. कैरी किती आंबट त्यावर गूळ शंभर-दीडशे ग्रॅम इकडेतिकडे होईल, तेव्हा सगळा गूळ एकदम न घालता शेवटचा पावभाग चव बघून घाला. थंड पन्हं जिभेला कमी गोड लागतं, म्हणून चव बर्फ घालून बघा. मीठ विसरू नका, त्याच्याशिवाय पन्हं नुसतं गोड पाणी वाटतं.

पाण्याची काळजी सगळ्यात जास्त घ्या. गर शिजलेला असतो, पण पाणी मिसळल्यावर आपण काहीच उकळत नाही. उन्हाळ्यात दूषित पाण्यातून कावीळ पसरते, आणि हळदीकुंकवाला येणाऱ्यांत गरोदर बायका असतात, ज्यांना काही प्रकारची कावीळ जिवावर बेतू शकते. पाणी उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं, आणि बर्फ घरच्याच पाण्याचा. लादीचा बर्फ भांड्याच्या बाहेरून गारवा द्यायला ठेवा, आत घालू नका.

तुम्ही शेवटी विचारलं आहे की पन्ह्याने ऊन बाधत नाही हे खरं का. उन्हातून आलेल्या माणसाला पाणी, मीठ आणि थोडी साखर मिळते, एवढा उपयोग नक्की आहे, आणि आंबट-गोड असल्यामुळे माणूस साध्या पाण्यापेक्षा जास्त पितो. पण जुलाब-उलट्या होत असतील तर पन्हं देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, आपल्या पन्ह्यात लिटरला शंभर ग्रॅमच्या वर गोड असतं, त्याने जुलाब वाढू शकतात. आणि कुणी उन्हातून येऊन असंबद्ध बोलू लागलं, अंग तापून भाजत असलं, शुद्ध हरपत असली तर तोंडात काही ओतू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि १०८ला फोन करा.

हळदीकुंकवाचा दिवस ठरला की आदल्या दिवशी सकाळी लवकर मार्केटात जा, उन्हं चढल्यावर कैरी मऊ पडलेली मिळते. त्याच दुपारी उकडून गर आणि गूळ मिसळा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. एका रात्रीत गूळ गरात मुरतो आणि पन्ह्याला जी गोलाई येते ती त्याच दिवशी केलेल्याला येत नाही. पाणी, वेलदोडा आणि केशर दुसऱ्या दिवशी, बायका यायच्या तासभर आधी. आणि पहिली वाटी गौरीसमोर ठेवायच्या आधी अर्धा चमचा स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या कुणाला तरी चाखायला द्या. दिवसभर आंबट हुंगून आपल्या जिभेला तोवर गोडी कळेनाशी झालेली असते.